सुमिराहची संमती

पाकीट उघडल्यावर वेनिंगला आधी अक्षर दिसलं, मजकूर नंतर. अक्षर गोल, ठसठशीत, ओळीवर नीट बसलेलं. पहिलीच्या वर्गात फळ्यावर काढतात तसं. घटनेच्या न्यायालयात साक्षीला निघालेली तिची टॅक्सी उड्डाणपुलावर अडकली होती, दोन्ही बाजूंनी मोटारसायकली घुसत होत्या, आणि योग्यकार्ताच्या धार्मिक न्यायालयातून सकाळीच आलेली फाइलची नक्कल तिने मांडीवर पसरली होती. ती फक्त तारखा तपासणार होती. तारीख, क्रमांक, शिक्का, बस. संमतिपत्रात काय आहे ते वाचायची तिला गरजच नव्हती, कारण ते तिनेच लिहिलेलं होतं. म्हणजे मसुदा तिचा. सहा वर्षांपूर्वी बास्कोरोंशी तिचं लग्न ठरत होतं तेव्हा ते म्हणाले होते, "कोर्टाबाहेर झेरॉक्सवाल्याकडे मिळतो तो नमुना फारच गावठी आहे गं. तू एवढी घटनेची डॉक्टर, तूच चार ओळी लिहून दे ना. सुमिराह आपल्या हाताने उतरवून काढेल." आणि तिने दिल्या होत्या लिहून. होणाऱ्या सवतीच्या तोंडचे शब्द, तेही 'मी' म्हणून! 'मी खाली सही करणार, कोणत्याही दबावाविना, पूर्ण विचारान्ती, माझ्या पतीच्या द्वितीय विवाहास...' त्या दिवशी त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. कायद्याच्या माणसाला मसुदा दिसला की हात शिवशिवतात. उलट 'विचारान्ती' हा शब्द बसला तेव्हा तिने चहाचा एक घोटही समाधानाने घेतला होता, हे आता आठवलं आणि कानशिलं गरम झाली. कारण मांडीवरच्या कागदावर 'विचारान्ती' कुठेच नव्हतं. हा मजकूर तिचा नव्हताच.

'मी सुमिराह, बास्कोरो यांची बायको,' असं ते पत्र सुरू होत होतं. 'वेनिंगबाईंनी लिहून दिलेला कागद तीनदा वाचला. छान आहे, पण माझ्या तोंडात बसत नाही. म्हणून माझ्या शब्दांत लिहिते. यांनी दुसरं लग्न करावं, माझी हरकत नाही. मला कुणी धाक घातलेला नाही. वाईट वाटतं का, असं कोर्टातले साहेब विचारतील, तर वाटतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि नको म्हणणं वेगळं. मूल झालं नाही ही गोष्ट खरी आहे, आणि यांना घरात मूल हवं आहे हीपण खरी आहे. एकच सांगायचं आहे. यांना बान्देंग मासा फार आवडतो. पण लहानपणी घशात काटा अडकला होता, तेव्हापासून काट्याला भितात, आणि भीती वाटते हे सांगायला लाजतात. मी काटे काढून ताटात वाढते. नव्या बाईंना हे कुणीतरी सांगावं. यांच्याकडून कळायचं नाही.' खाली सरकारी तिकीट, त्यावर आडवी सही. बस, संपलं पत्र. टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. पुढची गाडी हातभर सरकली होती.

मासे! वेनिंगचं माहेर पेकालोंगानचं, समुद्राकाठचं. तिच्या आईच्या घरात माशाशिवाय दिवस उजाडत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने हौसेने बान्देंग केला होता, आणि बास्कोरो ताटाकडे बघून मान दुसरीकडे वळवत म्हणाले होते, "मला मासे चालत नाहीत. वास येतो." त्या दिवसापासून तिच्या घरात मासा शिजला नाही. सहा वर्षं कोंबडी, अंडी, तळलेलं सोयाबीनचं टेम्पे. मैत्रिणींना ती मिरवून सांगायची, प्रेमात माणूस काय काय सोडतं बघा, मी समुद्र सोडला. आणि हा गृहस्थ इकडचा आठवडा संपला की गाडीत बसून योग्यकार्ताला जायचा आणि तिथे ताटाशी बसून, सुमिराहच्या बोटांनी निवडलेला मासा गपागप खायचा! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. तिला डोळ्यांपुढे दिसायला लागली ती बोटं. तेलकट, सावळी, थोडी जाडसर, नखं बारीक कापलेली. बोटं माशात शिरतात, केसासारखा एकेक काटा ओढून ताटाच्या कडेला ठेवतात, आणि समोरचा पन्नाशीचा इंजिनिअर, मोठमोठी धरणं बांधणारा माणूस, गप्प बसून वाट बघतो. शेज नाही, सरकारी कुटुंबपत्रिकेवर त्यांच्या नावाखालची जागा नाही, सासूने दिलेल्या बांगड्या नाहीत. या सगळ्यांशी तिने सहा वर्षांत कसाबसा समझोता केला होता. पण ही बोटं तिला सहन होईनात.

खरं सांगायचं तर मत्सराशी तिची ओळख जुनी होती, पण तो भलत्याच जातीचा मत्सर होता. सवतीने तिचा हेवा करावा, याची ती सहा वर्षं वाट बघत होती. आदळआपट व्हावी, फोनवर एखादा टोमणा यावा, निदान ईदला गेल्यावर चेहरा पडलेला दिसावा. काही म्हणता काही नाही. लग्नाच्या दिवशी सुमिराहने केळीच्या पानात बांधलेल्या भातमिठाईचं ताट पाठवलं होतं, चाळीस नग. दुसऱ्या वर्षी वेनिंग मुद्दाम सोन्याची नवी साखळी घालून गेली, बास्कोरोंनी दिलेली. सुमिराहने ती चष्मा वर करून जवळून पाहिली आणि धाकट्या बहिणीशी बोलावं तसं म्हणाली, "सुरेख आहे गं जेंग. फासा सैल वाटतो. हरवेल हो, सोनाराला दाखव." आणि खरंच फासा सैल होता! असल्या बाईशी भांडायचं तरी कसं? भांडायला टाळी दोन हातांनी वाजावी लागते. परवाचीच गोष्ट. हा आठवडा योग्यकार्ताच्या वाट्याचा. वेनिंगने फोनवर म्हटलं, "अहो मास, साक्षीच्या दिवशी तुम्ही इथं हवे आहात. एकदा आठवडा बदलून घ्या ना." बास्कोरो घुटमळले, आणि मागून सुमिराहचा आवाज आला, "जा हो तुम्ही, तिची मोठी परीक्षा आहे. मी पुढचा आठवडा घेईन." असं दान! आणि तरीही ते आले नाहीत. म्हणाले, न्याय म्हणजे न्याय, ज्याचा आठवडा त्याचा. त्या संध्याकाळी वेनिंगने दोन तास घर पुसलं.

रागावली नाही त्याचे अर्थ दोनच, असं ती स्वतःशी घोकत आली होती. एक तर सुमिराहचं नवऱ्यावर प्रेमच नसेल. मग मी जिंकलं ते काय, रस्त्यावर टाकून दिलेली वस्तू? किंवा प्रेम इतकं असेल की माझ्यासारखीने त्याच्या काठाला हातही लावू नये. मग मी जिंकलंच कुठे? या दोहोंच्या मध्ये ती झोपाळ्यासारखी सहा वर्षं हलत होती, आणि आता मांडीवर हा कागद. वाईट वाटतं. चक्क लिहून ठेवलंय, सरकारी तिकिटावर सही करून. वाईट वाटणं वेगळं आणि नको म्हणणं वेगळं. पंधरा वर्षं घटनेचा कायदा शिकवला, संमतीवर दोन पुस्तकं लिहिली, सव्वादोनशे पानांचा प्रबंध लिहिला, आणि हे एक वाक्य तिला सुचलं नव्हतं. पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावणाऱ्या बाईला सुचलं. वेनिंगने कागद घडी करून पर्समध्ये कोंबला. सरळ घडी जमली नाही, कोपरा चुरगळला. तिने तो तसाच राहू दिला.

घटनेच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर हुताबारात उभे होते, सरकारी वकील. बाताक जमातीचा माणूस, ख्रिस्ती, आवाज देवळातल्या घंटेएवढा. मुसलमानांच्या लग्नाचा कायदा कोर्टात मांडायची वेळ या ख्रिस्त्यावर आली, यावर ते स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचे. "या, या, डॉक्टर! आज आमची अब्रू तुमच्या पदरात," त्यांनी लांबूनच हाळी दिली. खटला म्हटलं तर साधा होता. तांगेरांगचा एक गृहस्थ, मोटारीचे सुटे भाग विकणारा, त्याचं म्हणणं असं की माझ्या धर्माने मला चार बायकांची मुभा दिली, राज्यघटनेने मला माझा धर्म पाळायची हमी दिली, मग मध्ये हे सरकार कोण लागून गेलं मला सांगणारं, की आधी पहिल्या बायकोची संमती आण आणि कोर्टाची परवानगी आण? हे कलमच घटनाबाह्य ठरवा. तो जिंकला तर या देशात यापुढे पहिल्या बायकोला कुणी विचारणार नव्हतं. नवरा एके दिवशी दुसरी घेऊन दारात उभा राहील, आणि ते तिला शेजारणीकडून कळेल. सरकारची सगळी मदार एका मुद्द्यावर होती: ही संमती नुसता कागद नाही, खरी असते. आणि ते सांगायला वेनिंग उभी राहणार होती.

"फाइल आली का योग्यकार्ताहून?" हुताबारातनी आवाज खाली आणला. त्यांचा खालचा आवाज म्हणजे दुसऱ्यांचा वरचा. "राग मानू नका, पण तो समोरच्या पक्षाचा झुल्कर्नैन तुमच्या घरात शिरणार. पक्का नाकात काड्या घालणारा वकील आहे. तुम्ही स्वतः दुसऱ्या, हे त्याला कळलंय. मी म्हणतो, कळू दे की! घाबरायचं काय? संमती आहे, परवानगी आहे, सगळं आरशासारखं स्वच्छ. पत्रात काही खास आहे का, आपल्या कामाचं?"

"काही नाही," वेनिंग म्हणाली. "ठरावीक मजकूर."

"हात्तिच्या! मला वाटलं एखादं दोन ओळींचं काहीतरी मनापासूनचं असेल. न्यायमूर्तींना असलं फार आवडतं. असो."

इतकं सहज खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. तोंडातून गेलं आणि तिला कळलं, की पत्र वाचून दाखवलं तर खटला जवळजवळ तिथेच संपेल. कोण न्यायाधीश असल्या बाईपुढे मान तुकवणार नाही? वाईट वाटतं म्हणते आणि तरी देते. देते आणि वर काळजी घेते. कायद्याला हवी असते ती नेमकी ही बाई. पण मग नऊ न्यायमूर्ती, पत्रकार, भिंतीवरचे कॅमेरे, घरोघरी मोबाईलवर बघणारा सगळा देश, सगळ्यांना कळेल की बास्कोरोंची बायको कोण आहे. आणि मी? मी त्या पत्रात कोण, तर 'नव्या बाई'. मला सांगावं लागतं, माझ्या नवऱ्याला काय आवडतं ते. तेही सहा वर्षं कुणी सांगितलं नाही. कारकुनाने शिक्का मारून फाइलीत घातलं, न्यायाधीशांनी 'संमती नोंदली' म्हणून लिहिलं, आणि बास्कोरो? त्यांनी नक्की वाचलं असणार. वाचून कागदाची घडी घातली असणार, कान लाल करून. त्यांचे कान लाल होतात. हे तरी मला ठाऊक आहे, ती मनाशी म्हणाली, आणि लगेच वाटलं, ते तिलाही ठाऊक असेल, माझ्या आधी वीस वर्षं.

साक्षीदारांच्या खोलीत वातानुकूलन फार जोरात होतं. भिंतीवर राज्यघटनेची प्रस्तावना चौकटीत लावलेली. तिचे वडील मदरशात शिकवायचे, आणि ही प्रस्तावना पाठ म्हणताना एका जागी हटकून थांबायचे. तिथे पूर्वी सात शब्द होते, मुसलमानांवर शरीयत पाळण्याचं बंधन घालणारे. स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी ते काढून टाकले, देश एकत्र राहावा म्हणून. वडील कटू नव्हते. ते म्हणायचे, दात पडला की जीभ तिथेच जाते, त्याला काय करायचं? विद्यापीठात वेनिंग मुलांना हसत सांगायची, आपल्या घटनेत शरीयत नावाने नाही, पण घरात आहे. तिचं स्वयंपाकघर आहे, तिची कोर्टं आहेत, तिचं मंत्रालय आहे, फक्त दारावरच्या पाटीवर नाव नाही. एकदा मागच्या बाकावरची एक आगाऊ मुलगी म्हणाली होती, "म्हणजे दुसरी बायकोच की, मॅडम!" वर्ग खो खो हसला होता. वेनिंगही हसली होती. घरी येऊन मात्र तिने कुटुंबपत्रिका काढून पाहिली होती. तिच्या पत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून तिचंच नाव. नवऱ्याचं नाव योग्यकार्ताच्या पत्रिकेवर, सुमिराहच्या वर. माणूस एक आणि तो लिहिलेला तिकडे. आज सगळं उलटंपालटं होऊन अंगावर येत होतं. परवानगीच्या अर्जात कारण लिहिलं होतं, 'अपत्य नाही'. सहा वर्षांनी दोन्ही घरांत अपत्य नाही. सुमिराहने एका शब्दाने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शपथेच्या वेळी मागे उभ्या राहिलेल्या माणसाने तिच्या डोक्यावर कुराण धरलं. त्याची सावली तिच्या हातांवर पडली होती. 'अल्लाची शपथ, मी तज्ज्ञ म्हणून खरं तेच सांगेन,' ती म्हणाली, स्वच्छ आवाजात. पुढचा अर्धा तास चांगला गेला, उगाच खोटं कशाला म्हणा. शब्द आपोआप येत होते. नमाज ही उपासना, तिच्यात सरकारने नाक खुपसू नये. पण लग्न हा माणसामाणसातला व्यवहार, तिथे न्याय राखणं हे सरकारचं काम. चारची मुभा देणाऱ्या त्याच आयतेत पुढे म्हटलंय, न्याय करता येणार नाही अशी भीती असेल तर एकच. मग न्याय होईल की नाही, हे ज्याच्या मनात लाडू फुटतायत त्यालाच विचारायचं? की जिच्यावर अन्याय व्हायचा तिला? प्रेक्षकांत कुणीतरी 'वा' म्हणालं. हुताबारात टेबलावर बोटांनी ताल धरून बसले होते. मग झुल्कर्नैन उठला. सडपातळ अंगाचा, गोड बोलणारा माणूस.

"डॉक्टर, संमती, संमती आपण फार सुंदर समजावून सांगितलीत. लहान तोंडी मोठा घास घेतो, क्षमा असावी. आपण स्वतः विवाहित आहात?"

"आहे."

"आपल्या पतीच्या आपण कितव्या पत्नी?"

सभागृहात खुर्च्या कुरकुरल्या. "दुसरी," वेनिंग म्हणाली.

"म्हणजे एका पहिल्या बाईंनी अशीच संमती दिली असणार. मी आपला गावंढळ माणूस, डॉक्टर, मला एवढंच सांगा, त्या संमतिपत्रातले शब्द त्या बाईंचे होते? की कोर्टाबाहेर पाचशे रुपियाला झेरॉक्स मिळते, तिच्यातले?" लोक हसले. तो हसला नाही. "नाही, कारण माझ्या अशिलाचं म्हणणं एवढंच आहे, की हे सगळं नाटक आहे. बाईला कुणी खरं विचारत नाही, बाई खरं सांगत नाही. मग ह्या नाटकासाठी धर्माने दिलेला हक्क का अडवायचा?"

हुताबारात हरकत घ्यायला अर्धे उठले, पण मधल्या आसनावरच्या न्यायमूर्तींनी हाताने त्यांना बसवलं. वयस्कर होते, काळ्या-तांबड्या झग्यात बारीक दिसत होते. ते म्हणाले, "घरातलं सांगायची सक्ती नाही, बाई. पण मलाही जाणून घ्यायचं आहे. इतकी वर्षं तुम्ही या विषयात आहात. तुमच्या माहितीत एक तरी संमती अशी आहे का, जी बाईने स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या शब्दांत दिली? एक असली तरी पुरे."

एक पुरे. पर्स पायाशी होती. वाकून चेन ओढायची, चुरगळलेला कोपरा सरळ करायचा आणि वाचायचं. दोन मिनिटांचं काम. वेनिंगला ती बोटं दिसली. वाचल्यानंतर सगळ्यांना ती दिसतील. उद्या पेपरात छापून येईल, मंत्री भाषणात सांगतील, मुली वर्गात विचारतील, मॅडम, त्या काटेवाल्या बाई तुमच्याच ना? जन्मभर ती त्या पत्रातली 'नव्या बाई' होऊन राहील. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, आणि त्या तिळपापडातूनच तिचा आवाज आला, शांत, प्राध्यापकाचा. "माझ्या माहितीत नाही, माननीय. माझ्या सवतीचं संमतिपत्र मी स्वतः लिहिलं होतं. शब्दन् शब्द माझा. तिने फक्त उतरवून काढलं."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागच्या रांगेतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि शिपायाने त्यांना गप्प केलं. एवढं मिळेल असं झुल्कर्नैनलाही वाटलं नव्हतं. तो वाकून म्हणाला, "डॉक्टरांच्या प्रामाणिकपणाला माझा सलाम." प्रामाणिकपणा! न्यायमूर्तींनी चष्मा काढला, पुसला, आणि काहीतरी लिहून घेतलं. फार वेळ लिहीत होते.

बाहेर हुताबारात तिच्याशी बोलायला आले ते ओरडायच्या तयारीने, पण जवळ आल्यावर त्यांचा आवाज उतरला. "याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, डॉक्टर," ते म्हणाले. "माझा खटला तुम्ही माझ्याच टेबलावर कापलात. बरं, खरं होतं ते सांगितलंत, त्याला मी काय बोलणार? खऱ्यापुढे इलाज नाही." आणि ते फायली काखेत मारून निघून गेले. एक पत्रकार मुलगी येऊन म्हणाली, मॅडम, केवढं धाडस लागतं! वेनिंगने तिचा हात दाबला. तिला खरोखरच हलकं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. देशात एकच खरी संमती होती आणि ती आता नव्हती. पत्र पर्समध्ये होतं, पर्स तिच्या खांद्यावर होती. घरी जाऊन गॅसवर धरलं की झालं. खांबांच्या सावलीत उभं राहून तिने पाण्याची बाटली उघडली, आणि फोन वाजला. सुमिराह.

सुमिराह कधी आपण होऊन फोन करत नसे.

"बघितलं मी," सुमिराह म्हणाली. मागे पोरांचा गलका होता. शाळेतूनच बोलत होती. "मोबाईलवर. वर्गाला गिरवायला लावलं आणि बघितलं."

"म्बाक, ताई, मी... तिथे जरा..."

"गप्प बस. आधी माझं ऐक." वेनिंगने हा आवाज कधी ऐकला नव्हता. "काय म्हणालीस तू? फक्त उतरवून काढलं? मी? अगं, तुझा तो कागद घेऊन मी तीन रात्री बसले. नाही जमलं मला ते. मग मी माझं लिहिलं. चारदा खोडलं. साहेबांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, बाई, तुमचं काय म्हणणं आहे? पन्नास वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, माझं काय म्हणणं आहे ते. आई-बापांनी लग्न ठरवताना नाही, सासूने नाही, यांनी नाही. एकदा विचारलं, सरकारने, आणि मी सांगितलं. आणि तू शपथ घेऊन, डोक्यावर कुराण धरून, साऱ्या देशाला सांगतेस की ते तुझं होतं!"

"म्बाक, तुम्ही रागावलात?" वेनिंगच्या तोंडून निघालं. मूर्खासारखा प्रश्न. पण सहा वर्षं ती या आवाजाची वाट बघत होती.

"मग काय नाचू?" सुमिराह ओरडली. पोरांचा गलका एकदम थांबला. मग ती आवाज दाबून बोलायला लागली. "ऐक. तुझ्यावर मी कधी जळले नाही असं तुला वाटतं? जळले की. रोज जळले. पण नवरा मी दिला होता, जेंग. दिलेल्या वस्तूवरून भांडत नाहीत. ते पत्र मी तुला दिलेलं नाही. ते माझं आहे. आता तुझ्यामुळे ते म्हणतील, बायकांना विचारायचंच कशाला, त्या कुठे आपलं बोलतात. माझ्या वर्गातल्या पोरींना उद्या कुणी विचारणार नाही." श्वास घ्यायला ती थांबली. "कागद आहे तुझ्याकडे?"

वेनिंग खोटं बोलू शकली असती. "आहे," ती म्हणाली.

"वाचलास?"

"वाचला."

"मग जा आत," सुमिराह म्हणाली. "मी फोन ठेवते. माझी पोरं बघतायत माझ्याकडे."

हवा होता तो राग मिळाला होता, रोकडा, घसा फोडून, आणि वेनिंगला त्याचा आनंद होईना. जिच्यावर मी जळत होते ती रोज जळत होती, तरी तिने पाठवायची ती मिठाई पाठवली, बघायचा तो फासा बघितला. आणि मी एका सकाळीत काय केलं? ही बाई रागावतानाही माझ्याहून मोठी, असं तिच्या मनात आलं, आणि त्याचाही हेवा वाटला. हेवा काही कमी होत नव्हता. कमी होईल असं काही लक्षणही नव्हतं. तो घेऊनच ती वळली आणि जळत जळत पायऱ्या चढली.

नोंदणीच्या खिडकीत एक पोक्त बाई बसल्या होत्या, शेजारी डब्याचं झाकण उघडं. "साक्ष तर झाली ना तुमची, डॉक्टर? काही विसरलात?"

"खोटं सांगितलं," वेनिंग म्हणाली. "शपथेवर. दुरुस्त करायचंय. हा कागद खटल्यात दाखल करून घ्या."

बाईंनी डब्याचं झाकण हळूच लावलं. "तुम्हाला माहीत आहे ना, याचं काय होऊ शकतं ते? नोकरी आहे तुमची. पोलिसात जाईल प्रकरण."

"मी हेच शिकवते."

बाईंनी कागद घेतला, चुरगळलेला कोपरा तळहाताने दाबून सपाट केला आणि वाचायला लागल्या. ओठ हलत होते. शेवटाला पोचल्यावर पुन्हा वरून सुरू केलं. वेनिंग खिडकीच्या कडेला धरून उभी राहिली. तिला कागद ओढून घ्यावासा वाटत होता, या क्षणीसुद्धा. पहिलं माणूस वाचत होतं. अजून कितीतरी वाचणार होते.

"नोंदीत लिहावं लागतं," बाई शेवटी म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "या सुमिराह, या तुमच्या कोण?"

"ती पहिली," वेनिंग म्हणाली, आणि सही करायला पेन मागून घेतलं.